दोर नसताना उचललेलं पाऊल

त्या दुपारी आम्ही दोघं अंगणात दोर सोडवत बसलो होतो. लग्नसराई संपली की मंडपवाल्याला हे काम असतंच. सहा महिने घाईघाईत पोत्यात कोंबलेला दोर बाहेर काढायचा, गाठी सोडायच्या, लांब वेगळा, आखूड वेगळा, कुजलेला वेगळा. सरूच्या बोटांना दोन वर्षांपासून चिमटीत काही धरता येत नव्हतं. म्हणून गाठी मी सोडायचो आणि ती नुसती निवड करायची. एक निरगाठ माझ्याच्यानं काही केल्या सुटंना.

"कापा की ती," सरू म्हणाली. "एवढ्या गाठीपायी कशाला डोळं फोडता?"

म्या म्हणलं, चाळीस वर्षं झाली माझ्या घरात येऊन, दोर कापायचा नसतो हे अजून तुला सांगायचं का.

"मग ठिवा तशीच. उद्या बघू."

मग चहा झाला. चहा बिनसाखरेचा आणि कपात अर्धाच, कारण तिला पाणी मोजून होतं. ती आत जाऊन आडवी झाली. ऊन भिंतीवरून उतरलं तरी उठली नाही. मी हाक मारायला गेलो.

एवढंच झालं. लोक विचारतात, शेवटी काय बोलल्या वहिनी? काय बोलणार, गाठीचं बोलली.

आमच्या तेरच्या रिटायर गुरुजींनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडून मंडपाच्या धंद्यातले अनुभव मागितले, तेव्हा म्हणलं, लिहितो, पण मला जे लिहायचंय तेच लिहीन. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन गुरुजींनी नीट केलंय, बाकीचं माझं आहे.

आधी धंदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मंडप म्हणजे कापड, असं लोकांना वाटतं. कापड सगळ्यांत शेवटी येतं. मंडप म्हणजे खांब आणि ताण. खांब उभा राहतो तो खड्ड्यामुळं नाही, चारी बाजूंनी सारख्या ओढलेल्या दोरांमुळं. एक ताण ढिला झाला की उरलेल्या तिघांवर ओझं येतं. आमच्या तेरमध्ये तर खड्डा खोल घेताच येत नाही. पहार मारली की जुनी खापरं लागतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघतात, मग कुणीतरी येऊन म्हणतं, खणू नका, इथं जुनं गाव आहे. त्यामुळं आमचं सगळं काम खुंटीवर आणि ताणावर.

दुसरी गोष्ट गाठीची. मंडपात सुरगाठ मारायची, निरगाठ नाही. सुरगाठ ओढ धरते, पण एका झटक्यात सुटते. ज्याला नुसता मंडप उभारता येतो तो अर्धाच कारागीर. ज्याला उभारताना सोडायचं कळतं, तो पुरा. आज इथं उभा केला तो परवा बेंबळीला पाहिजे असतो. नवीन गडी निरगाठ मारायचे, मी त्यांना शिव्या द्यायचो. सरू म्हणायची, देवाचं नाव कमी घेतलं तरी चालंल, पण सुरगाठीचं नाव दिवसातून शंभरदा घेता.

तिसरी गोष्ट पायाची. मंडप उभा होताना जमिनीवर सगळीकडं दोर, खुंट्या, बांबू पडलेले असतात. पाय घासत चालणारा माणूस तोंडावर आपटतो. त्यामुळं आमच्यातला माणूस गुडघ्यातून पाय वर उचलून टाकतो, पाण्यातून चालल्यासारखा. आठवडी बाजारात मी लांबून ओळखायचो, हा मंडपातला. ही तिसरी गोष्ट ध्यानात ठेवा. मला तिनंच फसवलं.

गिऱ्हाइकं काय एकेक मिळाली. एका मालकाला शेजाऱ्यापेक्षा एक हात उंच मंडप पाहिजे होता. मग शेजाऱ्याच्या पोरीचं लग्न निघालं, त्याला त्याच्यापेक्षा एक हात जास्त. तिसऱ्या वर्षी मी म्हणलं, आता नवरानवरी गच्चीवरच बसवा. एकदा तेरणेच्या काठावर वावटळीनं अख्खं छत उचललं. पंगत बसलेली. मी खांबाला मिठी मारून लोंबकळत होतो आणि सरू खाली वाढप्यांना ओरडून सांगत होती, बुंदी झाका, नवऱ्याचं मी बघते.

पण सगळ्यांत इरसाल गिऱ्हाईक वेगळंच होतं. लग्न मोडलं आणि त्यानं आम्हाला कळवलंच नाही. आम्ही ठरल्या दिवशी जाऊन गल्लीत मंडप मांडून आलो. माणसं घराला कुलूप लावून पाहुण्याकडं गेलेली. सोडायचा निरोप कोण देणार? मंडप बारा दिवस तसाच. त्याच्याखाली म्हशी बसायला लागल्या, पोरांनी पाळणा बांधला. मग गल्लीतली एक म्हातारी आजारी पडली, तर जीप आत येईना, तिला खाटेवरून बाहेर न्यावं लागलं. माझा मंडप अगदी पक्का, देखणा. पण नको तिथं, नको तेव्हा उभा. त्या दिवसापासून मला कळलं की पडलेला मंडप जेवढं नुकसान करतो तेवढंच न सांगता उभा असलेला पण करतो. हे पण ध्यानात ठेवा.

सरू पंचावन्नच्या पुढं गेली आणि तिच्या तोंडावर सकाळी सूज दिसायला लागली. लघवीला फेस यायचा. मी म्हणलं, दिवसभर उभी असतीस, पायाला सूज येणारच. तोंडाला कशी येती, हे मला सुचलंच नाही. धाराशिवला दाखवलं, तिथून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एक तरणी डॉक्टरीणबाई होती. आधीच्या सगळ्यांनी कागद बघितले होते. हिनं कागद बाजूला ठेवला आणि सरूचे पाय बघितले. पोटऱ्या बारीक, तळव्याची कमान उंच, बोटं आकसलेली.

"आजी, जरा दारापर्यंत चालून दाखवा."

सरू खुर्चीला धरून बसली. "पाय दुखत्यात," म्हणाली. एवढा तिचा चेहरा उतरलेला मी कधी बघितला नव्हता. बाईनं परत गोडीनं सांगितलं. मग ती उठली आणि चालली, गुडघ्यातून पाय उचलत, पाऊल थपकन टाकत.

मी मोठ्या तोऱ्यात म्हणलं, "मंडपवाल्याची बायको हाय, बाई. दोरावरनं चालायची सवय."

डॉक्टरीणबाईनं फरशीकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "इथं दोर कुठं आहेत, बाबा?"

चाळीस वर्षं मी तिच्या पुढं चाललो, मागं चाललो. तिच्या पावलाचा पुढचा भाग वर उचलला जात नव्हता, लोंबत होता. म्हणून ती आख्खा गुडघाच उचलायची. आणि मी दुनियेला सांगत होतो, बघा कशी तयार झाली माझ्या हाताखाली.

मग तपासण्या झाल्या. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून बघितला, रक्त लांब कुठंतरी पाठवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मूत्रपिंड आणि पाय, दोन्ही दुखण्यांची मुळी एकच निघाली. बाईनं नाव सांगितलं, फॉर्मिन. म्या विचारलं, हे काय खायचं असतं का. ती हसली आणि केसपेपरच्या पाठीवर चित्र काढायला लागली. तिथून मला नाद लागला. दर खेपेला मी प्रश्न घेऊन जायचो. सरू म्हणायची, मी आजारी हाय का तुम्ही शाळेत चाललाय?

मला कळलं ते असं. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं. मला वाटायचं पेशी म्हणजे पाण्याचा थेंब. पण थेंबाला आकार कसा राहील? तर आत खांब आणि ताण असतात. धागेच, पण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. हे धागे मण्यांचे असतात. मणी पेशीत सुटे तरंगत असतात, आणि ते ओवून धागा लांबवणारी जी प्रथिनं, त्यातलं एक घराणं म्हणजे फॉर्मिन. अंडी, डाळीतलं प्रथिन ते वेगळं. शरीर स्वतः प्रथिनं बनवतं, आणि ती कामाला लावतं.

म्या विचारलं, फॉर्मिन धागा लांबवतो म्हणजे करतो काय? ती म्हणाली, धाग्याच्या टोकाला दोन हातांनी धरून बसतो, एक मणी लावतो, एक हात पुढं सरकवतो, परत मणी, परत दुसरा हात. टोक वाढत जातं आणि हा टोकावरच, कधी सुटत नाही. मला लगेच दिसलं. उंच खांबाला बांबू जोडत वर जाणारा आमचा गडी असाच जातो. खालचा हात सुटायच्या आधी वरचा पक्का.

"आणि हे घराणं केवढं?"

"माणसात पंधराजण. भावंडंच म्हणा."

पंधरा भावंडं आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. एक कानात काम करतो, तो बिघडला तर माणूस बहिरा होतो. काहींचं काम एका पेशीच्या दोन करताना. पोत्याचं तोंड आवळतात तसा मधोमध दोर आवळत जायचा, की एकाची दोन पोती. आईच्या पोटात एका पेशीपासून आख्खं लेकरू होतं, ते असं आवळून आवळून. घराण्याचं नाव ज्याच्यावरून पडलं त्याच्या शोधाची सुरुवात तर म्हणे वाकड्या पायांच्या उंदरांवरून झाली, पाय नीट का फुटत नाहीत हे बघताना. मी ऐकत होतो आणि डोळ्यासमोर सरू येत होती, बेंबळीच्या मंडपात सातवा महिना घेऊन कनात शिवत बसलेली. बाहेर आम्ही एक मंडप उभा करत होतो, आत पंधराजण दुसराच उभा करत होते. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, कुणाला शिवी दिली नाही.

सरूचा बिघडलेला गडी त्यातला एक. आणि तो तर आमच्याच धंद्यातला निघाला. बाकीची भावंडं बहुतेक उभारण्यातच, हा उभारतो पण आणि सोडतो पण. म्हणजे पुरा कारागीर. काम नसतं तेव्हा हा स्वतःच्याच हातानं स्वतःला बांधून गप बसतो. निरोप आला की गाठ सोडतो आणि उठतो. सरूच्या गड्याची ती गाठच ढिली. निरोप नाही, गिऱ्हाईक नाही, तरी हा उठून नको तिथं खांब रोवणार. मला ती गल्ली आठवली, म्हशी बसलेली.

"मग याचा मूत्रपिंडाशी काय संबंध?" म्या विचारलं.

बाईनं दोन फोटो दाखवले, लई मोठे करून काढलेले. रक्त गाळायच्या बारीक नळ्यांना बाहेरून काही पेशी मिठी मारून असतात. त्यांना बोटं असतात, आणि शेजारशेजारच्या दोन पेशींची बोटं एकमेकींत गुंतलेली, दोन्ही पंजे जुळवल्यासारखी. मधल्या फटीतून पाणी जातं, कामाचं प्रथिन आत राहतं. चांगल्या माणसाच्या फोटोत ती बोटं अशी सारखी की कनातीच्या काड्या वाटाव्यात. सरूच्या फोटोत बोटं सपाट, चिखलावर पाय पडल्यासारखी. बोटाला आतून ताण देणारे धागेच भलतीकडं गेलेले. मग प्रथिन लघवीतून गळतं. फेस त्याचाच.

"आणि पायाचं?"

"मेंदूकडून पायाकडं जाणाऱ्या नसांवर वेष्टण असतं, पदरावर पदर. तेही याच गड्याच्या मदतीनं गुंडाळलं जातं असं दिसतंय. ते नीट नसलं की निरोप पायापर्यंत पोचत नाही."

खांबाला कापड गुंडाळायचं काम आमच्याकडं सरूचं. एक सुरकुती पडू द्यायची नाही. बाहेर येऊन मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या खांबाला गुंडाळीत राहिले आन् माझाच उघडा."

मी बाईला एक कोडं घातलं. गडी जन्मापासून बिघडलेला, मग पन्नास वर्षं मंडप उभा कसा? ती म्हणाली, त्या बोटांच्या पेशी एकदा गळल्या की नव्या येत नाहीत. एकेक जाते, उरलेल्या ओझं उचलतात, आणि मग एक दिवस उचलवत नाही. कुणाचा हा दिवस विशीत येतो, कुणाचा साठीत. असं का, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. मला हे आवडलं. इतकी शिकलेली बाई सरळ म्हणते, कळलेलं नाही.

आता यातलं अवघड.

निघताना बाईनं विचारलं, मुलंबाळं किती? म्हणलं, एकच लेक, कविता, बेंबळीला दिली. तिनं लाल झाकणाची एक लहान बाटली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, हा गडी आईकडून लेकराला जायचा संभव निम्मा निम्मा. लेकीची लघवी आधी तपासू. गळती लवकर सापडली तर ती कमी करणारी गोळी आहे, मीठ कमी, आणि दुखण्याच्या गोळ्या एकदम बंद, त्या मूत्रपिंडाला मारतात. आज्जींना उशीर झाला, तिला होऊ देऊ नका.

एसटीत बसल्यावर सरू म्हणाली, "ती बाटली फेका."

म्या म्हणलं, पोरीच्या जिवाचं हाय.

"पोरीच्या पोरीचं पण हाय. शीतल सतरा वर्षांची झाली. एकदा कागदावर आलं की बेंबळीत बोभाटा व्हतो. कोण करंल तिला?" मग खिडकीबाहेर बघत बोलली, "मला बघायला आला व्हता तवा म्या कुठं बसले व्हते, आठवतं का?"

आठवत होतं. पाहुणे आत यायच्या आधीच ती पाटावर बसलेली होती. एरवी मुलीला चालत पोहे आणायला लावतात, त्यावरूनच पाहुणे चाल बघतात. पोहे तिच्या मावशीनं आणले. आमच्या आईला वाटलं, माहेरी लाड लई.

"माझी माय अशीच चालायची," सरू म्हणाली. "सुजून गेली. मावशीनं सांगितलं, पाटावरनं उठू नगंस. तुमच्या मंडपात आले आन् सुटले. तिथं सगळेच पाय उचलीत व्हते."

म्हणजे चाळीस वर्षं मी फसलो, आणि तिला ते ठाऊक होतं. मला राग आला नाही. ती माझ्या दोरांच्या आडोशाला राहिली, यात कुठंतरी मला बरंच वाटलं. पण तिनं शपथ घातली, आणि मी ती बाटली घरी नेऊन खिळ्यांच्या डब्यात, तळाला ठेवली. फेकली नाही, दिली पण नाही. याला शहाणपण म्हणत नाहीत.

पुढं आठवड्यातून दोनदा धाराशिवला मशीनवर रक्त धुवायला जाणं सुरू झालं. कविता आली आणि म्हणाली, मायला माझं एक मूत्रपिंड द्या. माझं वय बहात्तर आणि बीपी, माझं तर कुणी घेणार नव्हतं. सरूनं साफ नाही म्हणलं. कारण कविताला सांगितलं नाही. द्यायचं म्हणलं की आधी देणारीची तपासणी, हे सरूला पक्कं ठाऊक होतं. कविता माझ्याकडं बघत राहिली, मी सुतळी गुंडाळत राहिलो. तिला वाटलं, आण्णालाच नको असंल. ती चार महिने तेरला आली नाही. फोनवर आईशी बोलायची, मी घेतला की ठेवायची.

मी बघत होतो मात्र. मूत्रपिंडाचं बोलायला ती आली तेव्हा अंगणातून चालताना मी तिच्या पायाकडं बघितलं आणि स्वतःला समजावलं, लहानपणापासून मंडपात वाढली, सवय आहे. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा मुद्दाम फसतो.

सरू गेली त्या संध्याकाळी कविता आली. दिवे लागायच्या आत सगळं उरकलं. घरी परत आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत बोलली, "आण्णा, तुमी मायला मरू दिलं."

शपथ घालणारी गेली होती, पण शपथ सुटली का नाही, ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं सांगायच्या आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कुणी त्यासाठी ताटकळायला नको. कविताच्या लघवीत गळती निघाली. थोडीच आहे. ती रोज सकाळी गोळी घेते, चपलेत पायाला आधार देणारी पट्टी घालते. शीतलची गळती नाही. रक्ताची तपासणी करायची का, ते तिची ती अठरा पुरी झाली की ठरवणार आहे. हे सगळं मी कविताला वाचून दाखवलं आणि विचारलं, छापू का, नावं बदलू का. ती म्हणाली, "बदलू नगा. पाटावर बसून लई झालं."

तर ती सकाळ.

भेटायला माणसं येणार, अंगणात सावली पाहिजे. गावात कुणाचंही झालं तरी असा चार खांबांचा मंडप मी मांडून द्यायचो. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, आज तुम्ही बसा, कुणालातरी सांगतो. म्या म्हणलं, माझ्या दारात दुसऱ्याचा मंडप नको.

मी पहारीनं खड्डे घेतले. खांब धरायला माणूस लागतं. कविता आली आणि धरून उभी राहिली, जिथं सरू उभी राहायची तिथंच. मी पोत्यातून दोर ओढला, तर कालचाच निघाला, निरगाठीचा. कवितानं माझ्या हातातून घेतला आणि गाठ सोडायला लागली. तिची बोटं घसरत होती. चिमटीत धरायची आणि सुटायचं.

"ऱ्हाऊ दे," म्या म्हणलं.

"कालपासनं हात चालंना," ती म्हणाली. पदराच्या गाठीतून एक गोळी काढली आणि चहाबरोबर गिळायला घरात निघाली. पायाच्या दुखण्याची गोळी. विचारलं, कधीपासून घेतीस? म्हणाली, दोन वर्षं व्हतील, रोज एक, त्याबिगर रानात उभं राहवत न्हाय.

अंगण मोकळं होतं. आदल्या दिवशी माणसं येणार म्हणून भावानं सगळा दोर, बांबू, खुंट्या उचलून भिंतीकडंला लावलेल्या. बायकांनी सडा घातलेला. त्या सारवल्यासारख्या सपाट जमिनीवरून माझी लेक चालत गेली, गुडघ्यातून पाय उचलत, पाऊल थपकन टाकत. ओल्या मातीत ठसे उमटले, टाच आणि बोटं, मधलं काहीच नाही. आणि मी त्या डॉक्टरीणबाईचा आवाज ऐकला.

"कविता, ती गोळी फेक."

ती वळली.

म्या सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, खांबाला धरून. मायची चाल, आजीची सूज, पाट, एसटीतली शपथ. फॉर्मिन पण सांगितला, तो गाठ ढिली झालेला गडी. मला जितकं कळलं होतं तितकं. तिचं मूत्रपिंड मायनं का घेतलं नाही, ते पण सांगितलं. कविता खाली बसली. रडली नाही. तिनं एकच विचारलं.

"शीतलचं?"

"आधी तुझं," म्या म्हणलं.

मग मी खिळ्यांचा डबा उपडा केला. बाटली तळालाच होती, झाकणाला खिळ्यांचा गंज लागलेला. पुसून तिच्या हातात दिली. ती आत गेली. तेवढ्यात मी विळा घेतला आणि ती निरगाठ कापली. उरलेल्या दोरानं चौथा ताण दिला, कापड टाकलं. मंडप उभा राहिला.

भाऊ म्हणाला, "सुतकात कुठं निघाला, दादा? वहिनीची राख गरम हाय अजून. माणसं यायला लागतील."

"आली तर बसव सावलीला," म्या म्हणलं. "आमी लघवी तपासायला चाललाव."

शेजारच्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला. धाराशिवच्या एसटीला अर्धा घंटा होता.

कविता पुढं निघाली, बाटली पिशवीत, पिशवी हातात. मी पाच पावलं मागं ठेवून चाललो. स्टँडपर्यंतचा रस्ता नवीन केलेला, गुळगुळीत, खडासुद्धा नाही. ती प्रत्येक पाऊल उचलत होती. मी स्टँड येईपर्यंत नजर वर केली नाही, तिच्या पायांकडंच बघत गेलो.